बारावीच्या पोरांच्या आईबाबांना, ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी

नाशिकमधल्या बारावी झालेल्या मुलामुलींच्या आईबाबांनो,

नमस्कार. मी सिडकोत राहतो आणि अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये ट्रेनिंगचं काम बघतो, म्हणजे नवीन येणाऱ्या डिप्लोमा-डिग्रीवाल्या ट्रेनी पोरांचे इंटरव्ह्यू घ्यायचे आणि नंतर सहा महिने त्यांना शॉपवर शिकवायचं. अकरा वर्षं झाली हे करतोय. पत्र आत्ताच लिहितोय कारण सीईटी होऊन गेलीये, थोड्याच दिवसांत तुमच्या घरात सगळे लॅपटॉपभोवती बसून कॅप राउंडचा, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेरीचा, कॉलेज-ब्रँचच्या पसंतीचा ऑप्शन फॉर्म भरत असतील, आणि त्या एका रात्री जे ठरतं ते निस्तरायला नंतर चार चार वर्षं जातात हे मी रोज बघतो.

मागच्या महिन्यात एक मुलगा इंटरव्ह्यूला आला. मेकॅनिकल, फर्स्ट क्लास, बोलायला चांगला. मी सगळ्यांना आधी हेच विचारतो की ही ब्रँच का घेतली. तो म्हणाला, सर कॉम्प्युटर लागत नव्हतं पर्सेंटाइलला, मग जी लागली ती घेतली. ठीक आहे म्हटलं, असं बऱ्याच जणांचं होतं. टेबलावर मायक्रोमीटर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार होतं, एक पिन होती, म्हटलं जरा माप सांग. त्याला वाचता येईना. ते चालतं, मायक्रोमीटर दोन दिवसांत शिकवता येतो, मी शेकड्याने पोरांना शिकवलाय. पण मग मी विचारलं की आमच्याकडे क्वालिटी आहे, प्रॉडक्शन आहे, मेंटेनन्स आहे, तुला यातलं काय करायला आवडेल, तर तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, पप्पांना विचारून सांगतो."

बावीस वर्षांचा मुलगा. त्याच्यात खोट नव्हती काही, उलट घरच्यांना मानणारा चांगला मुलगा होता. पण स्वतःला विचारायची सवयच त्याला कधी लागली नव्हती, कारण दहावीनंतर सायन्स कुणी ठरवलं, क्लास कुणी ठरवला, ब्रँच कुणी ठरवली, यातल्या एकाही ठिकाणी त्याची वेळ आली नाही. म्हणून हे पत्र त्याला न लिहिता तुम्हाला लिहितोय.

माझं स्वतःचं सांगतो. माझे वडील सातपूरला ऑपरेटर होते, तीन पाळ्या. माझी बारावी झाली तेव्हा एका काकांनी सांगितलं की ई अँड टीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या ब्रँचला, मरण नाही, टेलिकॉमचे दिवस आहेत, आणि घरात कुणालाच त्यातलं काही माहीत नसल्यामुळे काकांचा शब्द शेवटचा. पपांनी पीएफमधून पैसे काढले. मी चार वर्षं सर्किटं काढली, दोन विषय राहिले, केट्या बसल्या, त्या काढल्या, आणि शेवटी पुण्यात एका कंपनीत रात्रीच्या शिफ्टला फोनवर लोकांचे प्रॉब्लेम सोडवायला लागलो, ज्याचा ई अँड टीसीशी काही संबंध नव्हता. दीड वर्षात तब्येत बिघडली, परत आलो. घरी बसून काय करणार म्हणून पपांच्या एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये जायला लागलो, चार लेथ आणि एक जुना मिलिंग, त्रिमूर्ती चौकाच्या मागे. तिथे तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी एक बुश, म्हणजे शाफ्टवर बसणारी धातूची पोकळ नळी, टर्न केला, ड्रॉइंगप्रमाणे माप बरोबर आलं आणि तो शाफ्टवर असा अलगद सरकला की मी तो चार वेळा काढून परत बसवला. संध्याकाळी घरी जायची आठवणच राहिली नाही. चोवीस वर्षांचा होतो मी. माझ्या वडिलांचं अख्खं आयुष्य याच कामात गेलेलं, आमचं घर कंपनीपासून सायकलच्या अंतरावर, आणि चोवीस वर्षांत मी एकदाही आत जाऊन ते काय करतात हे बघितलं नव्हतं. त्यांनीही कधी नेलं नाही, कारण त्यांना वाटायचं की पोराने यात पडू नये. त्यांचा हेतू मला कळतो. पण पीएफचे पैसे गेले ते गेले.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की फॉर्म भरायच्या आधी पोराला काम दाखवा. कॉलेज दाखवू नका, कॉलेजची बिल्डिंग, गार्डन, गेटवरची प्लेसमेंटची होर्डिंग हे सगळं तो बघतोच. ज्या कामासाठी तो शिकणार आहे ते काम जिथे चालतं तिथे त्याला नेऊन एक पूर्ण दिवस बसवा.

मी पोरांना एक प्रश्न विचारतो, तुम्ही घरी विचारून बघा. या कोर्सनंतर नोकरी लागली असं धरून चाल, आता मंगळवारी सकाळी अकरा वाजता तू नक्की काय करत असशील? मंगळवार अशासाठी की त्या दिवशी काही विशेष नसतं. जॉइनिंग नाही, पगार नाही, पार्टी नाही. बहुतेक पोरांना याचं उत्तर येत नाही आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही येत नाही. कॉम्प्युटर घेणाऱ्याला वाटतं आपण ॲप बनवणार, पण पहिली दोन-तीन वर्षं बरेचदा दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचून तो कुठे अडकतोय हे शोधण्यात जातात, ज्याला असं कोडं सोडवायला आवडतं त्याला ते फार आवडतं आणि ज्याला नाही आवडत त्याला दुपारपर्यंत गुदमरायला होतं. सिव्हिलवाला मंगळवारी अकरा वाजता उन्हात स्लॅबवर उभा राहून सळ्यांमधलं अंतर मोजत असतो आणि ठेकेदाराशी वाद घालत असतो, तोही त्याच्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसाशी. सीए करणाऱ्याची दोन वर्षांची आर्टिकलशिप म्हणजे कुणाच्या तरी ऑफिसात बसून बिलं, बँक स्टेटमेंट आणि जीएसटीचे आकडे जुळवणं, एक आकडा जुळत नसेल तर तो सापडेपर्यंत उठायचं नाही. नर्सिंगवाली मुलगी वॉर्डात असते, तिचा मंगळवार रात्री आठला सुरू होऊ शकतो. यातलं कुठलंच काम कमी नाही. पण ही सगळी कामं वेगवेगळ्या स्वभावाच्या माणसांची आहेत, आणि पर्सेंटाइलला स्वभाव कळत नाही. तीन तासांत दीडशे प्रश्न किती पटपट सुटले एवढंच सीईटीला कळतं.

आणि हे दाखवायला नाशिकसारखं गाव नाही, हे मी प्रेमाने म्हणतोय. अंबड-सातपूरला ऑटोचे पार्ट बनतात, इलेक्ट्रिकल पॅनल बनतात, सिन्नरला माळेगाव-मुसळगावला कारखाने आहेत. ओझरला एचएएल, म्हणजे लढाऊ विमानं बनवणारी सरकारी कंपनी आहे, सुखोई तिथे तयार झाल्या, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये इथेच बांधलेलं तेजस मार्क 1 ए पहिल्यांदा उडालं. आत कुणालाही सोडत नाहीत हे बरोबर आहे, पण तिथे काम करणारं कुणीतरी तुमच्या नाही तर पलीकडच्या कॉलनीत राहत असणारच, त्यांच्याकडे पोराला घेऊन तासभर चहाला जा. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, अख्ख्या राज्यातले मेडिकल, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओचे कोर्स या विद्यापीठाखाली येतात आणि ते आपल्या दिंडोरी रोडवर आहे. पिंपळगावला, दिंडोरीला सीझनमध्ये द्राक्षांची पॅकहाउस चालतात, तिथे जाऊन बघा किती प्रकारची माणसं लागतात. प्रीकूलिंग सांभाळणारा, कंटेनरचं तापमान बघणारा, युरोपला जाणाऱ्या मालाची ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन सिस्टीमवर, नोंद करणारा, रेसिड्यूसाठी, म्हणजे द्राक्षांवर औषधांचा अंश राहिलाय का हे बघण्यासाठी, सॅम्पल काढून लॅबला पाठवणारा. आमच्या नात्यातला निफाडकडचा एक मुलगा, वडिलांची बाग आहे, त्यांनी शपथ घातली होती की शेतीचं नाव काढायचं नाही, आणि आज तो लॅबमध्ये हेच रेसिड्यू टेस्टिंग करतो, बीएस्सी केमिस्ट्री केली त्याने, आणि बागेतलं कळत असल्यामुळे लॅबमधल्या इतरांपेक्षा त्याला रिपोर्ट जास्त लवकर समजतो. हे काम कुठल्याच ऑप्शन फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

इथे एक गोष्ट सांगायचा मोह होतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ तुम्हाला माहीत असेल. दुष्काळी गाव, वडिलांबरोबर विहिरी खोदायचा, आणि सैन्यात गेल्यावर तिथे पहिल्यांदा त्याने होडी वल्हवायला घेतली. 2016 ला रिओ ऑलिम्पिकला रोइंगमध्ये भारताकडून उतरला. ज्या गावात प्यायला पाणी नाही तिथल्या मुलाला आपण वल्हवण्यात एवढे चांगले आहोत हे बसल्या जागी कसं कळणार होतं. वल्हं हातात आलं तेव्हाच कळलं. मला वाटतं आपल्या पोरांचं पण असंच आहे, हातात काही दिल्याशिवाय त्यांना तरी काय कळणार आणि आपल्याला तरी काय कळणार.

काही पालक म्हणतात, आम्ही कुणाला ओळखत नाही, आम्हाला कोण आत घेणार. खरंय, पण मी अनुभवाने सांगतो, लोक नाही म्हणत नाहीत. एखाद्या छोट्या वर्कशॉपवाल्याला, मेडिकल स्टोअरवाल्याला, आर्किटेक्टच्या ऑफिसात, पॅथॉलॉजी लॅबमध्ये जाऊन सरळ म्हणा की आमच्या मुलीला या लाइनमध्ये जायचं की नाही ते ठरवायचंय, दोन दिवस बसू द्या, पैसे नकोत. दहातले सहा-सात जण हो म्हणतात. मुलांना एकटं पाठवा मात्र. तुम्ही शेजारी बसलात की समोरचा माणूस तुमच्याशी बोलतो.

आणि टॉपरला भेटवू नका. ज्याला मोठं पॅकेज मिळालं त्याचा फोटो सगळीकडे असतो, त्याला भेटून एवढंच कळतं की तो हुशार आहे. त्याच कॉलेजमधून त्याच ब्रँचमधून तीन वर्षांपूर्वी मध्यम मार्कांनी पास झालेले दोघं-तिघं शोधा आणि त्यांना विचारा, आत्ता काय करतोस, हातात किती येतात, परत घ्यायची वेळ आली तर हीच ब्रँच घेशील का. कॉलेजला गेलात तर लॅब उघडून दाखवा म्हणा, मशीनवर धूळ आहे का बघा, मुलं स्वतः हात लावतात का ते विचारा. इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एआयसीटीईने 2024-25 पासून एका ब्रँचला किती जागा असाव्यात ही वरची मर्यादा काढून टाकली, त्यामुळे कॉम्प्युटरच्या जागा वाढल्यात, पण जागा वाढल्या म्हणजे शिकवणारे वाढले असं धरून चालू नका, ते प्रत्यक्ष बघूनच कळतं. पुणे विद्यापीठाच्या वेबसाईटवर प्रत्येक ब्रँचच्या सिलॅबसची पीडीएफ फुकट आहे, पोराला तिसऱ्या वर्षाचा सिलॅबस वाचायला लावा, पहिल्या वर्षाचा नको कारण तो बराचसा सगळ्यांना सारखाच असतो.

फॉर्मबद्दल एक महत्त्वाचं, कारण यात दरवर्षी घरं रडतात. पहिल्या राउंडला पहिल्या नंबरची पसंती लागली की ती सीट आपोआप फ्रीज, म्हणजे पक्की होते, मग पुढच्या राउंडला जाता येत नाही. 2025 ला इंजिनिअरिंगला दुसऱ्या राउंडसाठी पहिल्या तीन आणि तिसऱ्यासाठी पहिल्या सहा पसंतींना हाच नियम लावला. तुमच्या वर्षीचा नियम सीईटी सेलच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा. म्हणजे वरच्या ओळींत "लागेल म्हणून" काहीतरी टाकून ठेवणं फार महागात जातं. पहिलं नाव तेच लिहा जे उद्या लागलं तर पोरगं खरंच जाईल.

आता पैशाचं. हे पपांनी मला सांगितलं नव्हतं आणि मी पण विचारलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा वर्षाला दीड लाखाप्रमाणे चार वर्षांचं 6 लाखांचं एज्युकेशन लोन काढलं, व्याज 10 टक्के. कोर्स चालू असताना आणि नंतर साधारण एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं की काही चालू नाहीये, पण व्याज चालू असतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन, सरळव्याजाने धरलं तरी 2 लाख 10 हजार झाले. ते न भरता मुद्दलात गेले तर हप्ता सुरू होतो 8 लाख 10 हजारांवर, आणि सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला साडेतेरा हजारांच्या आसपास. माझ्याकडे येणाऱ्या नवीन ट्रेनीच्या हातात अठरा हजार येतात. बाकी तुम्हीच करा. साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते, म्हणजे घराचे कागद. मी लोन काढू नका म्हणत नाहीये, चांगल्या ठिकाणासाठी काढावं लागतं, पण हा हिशोब पोराला समोर बसवून कागदावर करा. पोरांपासून पैसे लपवून त्यांचं भलं होत नाही. मला जर माहीत असतं की ते पीएफचे पैसे आहेत तर मी दुसऱ्याच वर्षी तोंड उघडलं असतं.

मुलींच्या आईबाबांना वेगळं सांगायचंय. 8 जुलै 2024 चा शासन निर्णय आहे, 2024-25 पासून ज्या घरचं वार्षिक उत्पन्न 8 लाख किंवा त्याच्या आत आहे अशा ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक कोर्सची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकार भरतं. कॅपमधून ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. हे माहीत नसल्यामुळे किंवा "एवढ्या लांब कशाला" म्हणून किती मुली जवळच्या कॉलेजात नको त्या कोर्सला बसल्यात हे मी बघतो. आमच्या शॉपवर सीएमएमवर एक मुलगी आहे, मोजमापाचं सगळ्यात महागडं मशीन तिच्या हातात आहे, ती नसली की अख्खी लाइन थांबते. तिने सामनगावच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलाय. तिच्या घरी आधी म्हणत होते की कारखान्यात मुलीचं काय काम, मग तिचे वडील एकदा येऊन तिला काम करताना बघून गेले, अर्धा तास काचेबाहेर उभे होते.

डिप्लोमा, आयटीआय, ॲप्रेंटिसशिप, मुक्त विद्यापीठ या शब्दांना आपल्याकडे जो वास येतो तो आता जाऊ द्या, मी हात जोडून सांगतो. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला जाता येतं. ॲप्रेंटिसशिपला कायदा आहे, 1961 चा, स्टायपेंड मिळतो आणि हातात काम येतं. गोवर्धनला आपलं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, आमच्याकडचा एक ऑपरेटर वयाच्या पस्तिशीत शिफ्ट सांभाळून तिथून ग्रॅज्युएट झाला आणि सुपरवायझर झाला. आर्ट्स-कॉमर्स-सायन्सला नवीन धोरणात एक वर्षाने सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला पदवी, चारला ऑनर्स असं आहे, क्रेडिट जमा राहतात, परत येता येतं. आम्हाला हे काहीच नव्हतं. चुकलं की चुकलं.

आणि पोरगं पहिल्या वर्षाच्या दिवाळीला घरी येऊन म्हणालं की मला हे जमत नाहीये, तर कृपा करून आधी "लोक काय म्हणतील" आणि "फी भरलीये" हे दोन्ही बाजूला ठेवून ऐका. कधी कधी ते नुसतं गणितात अडकलेलं असतं, एक चांगला शिकवणारा मिळाला की सुटतं. कधी खरंच चुकीच्या ठिकाणी असतं. विचारल्याशिवाय कळत नाही. एक वर्ष गेलं तर जाऊ द्या, मी सहा घालवलीत.

तो मुलगा, पप्पांना विचारून सांगतो म्हणणारा, त्याला मी घेतलाय. तीन आठवडे झाले. मेंटेनन्सला टाकला, तिथे रमला नाही, आता फिक्स्चरच्या, म्हणजे मशीनवर जॉब धरून ठेवायची साधनं बनवणाऱ्या, माणसाजवळ उभा केलाय आणि काल पहिल्यांदा त्याने स्वतःहून विचारलं की सर हा लोकेटर, म्हणजे जॉब जागेवर बसवणारी पिन, इथे का, तिकडे का नाही. वडिलांचा नंबर घेतलाय मी त्याच्याकडून, त्यांना शॉपवर बोलावणार आहे.

आमच्या मालकांशी बोलून मी एक परवानगी काढलीये. कॅपचे फॉर्म सुरू होईपर्यंत दर मंगळवारी सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन, पाच मुलंमुली आमच्या शॉपवर येऊन बसू शकतात. सिडकोतल्या चार क्लासेसना आणि दोन कॉलेजांना मी याद्या दिल्यात, तिथे नाव नोंदवा. तुमचं स्वतःचं दुकान, ऑफिस, दवाखाना, वर्कशॉप असेल तर तुम्ही पण एक दिवस ठेवा आणि तुमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाका, कुणाच्या तरी पोराला तेच पाहिजे असेल. आमच्याकडे पाठवताना बूट घालून पाठवा, चपलेवर आत सोडता येत नाही, खाली कूलंट सांडलेलं असतं. मुलींनी ओढणी आणि मुलांनी लोंबणारे कडे-धागे घरी ठेवावेत. डबा बरोबर द्या, एक वाजता आम्ही सगळे एकत्रच जेवायला बसतो.

तुमचाच,
अंबडमध्ये ट्रेनी पोरांना शिकवणारा एक सिडकोकर